दोन श्वासांचा थांबा

भाग्यश्री इंगोले खराडीतल्या ज्या ॲनिमेशन स्टुडिओत कामाला होती, तिथे तिच्या हाताचं कौतुक होतं. वाशीमहून शिकायला म्हणून पुण्यात आलेली ही मुलगी सहा वर्षांत इथलीच होऊन गेली होती. चेंडू असो, दार असो की चालणारं माणूस, तिने हलवलं की पडद्यावर ते खरंच वजन असल्यासारखं हलायचं. काम तसं चिवट. हालचाल कुठे सुरू होणार नि कुठे संपणार ते ठरवायचं, मध्ये किती फ्रेम, म्हणजे किती सुटी चित्रं, जाणार ते ठरवायचं आणि मग वेगाच्या ग्राफवरची रेघ टोकांना धरून वाकवत बसायचं. रेघ सरळ ठेवली तर माणूस यंत्रासारखा सरकतो. दोन्ही टोकांना वाकवली की हळू निघतो, मध्ये वेग घेतो आणि अलगद थांबतो. स्टुडिओत याला ‘ईझ’ म्हणत. भाग्यश्रीचा ईझ बघायला शेजारच्या टेबलावरचे लोक खुर्च्या सरकवून यायचे, आणि ते आले की ती उगाचच एकदा जास्त प्ले करून दाखवायची.

त्या वर्षी जानेवारीत स्टुडिओला एका हॉस्पिटलचं काम मिळालं. वयस्कर पेशंटनी घरच्या घरी व्यायाम करावेत म्हणून मोबाइलचं एक ॲप निघणार होतं. त्यात एक बाई पडद्यावर व्यायाम करून दाखवणार आणि पेशंटनी तिच्याबरोबर करायचं. असे बावीस व्यायाम होते. हॉस्पिटलकडून ते सांगायला प्रियदर्शनी कांबळे नावाची फिजिओथेरपिस्ट नेमली होती. वयाने भाग्यश्रीएवढीच, तिशीच्या आत-बाहेर. आवाज हळू, पण कामाला पक्की. प्रत्येक व्यायामाचा ती स्वतः व्हिडिओ काढून पाठवायची आणि खाली मुद्दे लिहायची. महिन्याभरात दोघी ‘अहो मॅडम’वरून ‘तू’वर आल्या. कामाचं बोलून झाल्यावर कुठे कुर्ते चांगले मिळतात, घरमालक पाणी कधी सोडतो, हेही व्हायला लागलं.

अकरावा व्यायाम होता खुर्चीतून उठण्याचा. प्रियदर्शनीने एका आजींचा व्हिडिओ पाठवला होता. त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या, पाय मागे घेतले, पुढे वाकल्या, तिथे क्षणभर थांबल्या, मग उठल्या. उभ्या राहिल्यावर पुन्हा थांबल्या आणि मगच पाऊल टाकलं. खाली लिहिलं होतं: ‘वाकल्यावर एक थांबा. उभं राहिल्यावर दोन श्वासांचा थांबा. हे दोन्ही थांबे काढू नयेत. या वयात एकदम उठलं की रक्तदाब खाली जातो आणि चक्कर येते.’

भाग्यश्रीने सांगितलं तसंच केलं. दोनदा दुरुस्त्या झाल्या. तिसऱ्या वेळी प्रियदर्शनीचा मेल आला, ‘आता अगदी बरोबर आहे. आमच्या आजी अशाच उठतात. माझ्याकडून ओके.’

सोमवारी स्टुडिओत सगळ्यांसमोर काम बघायचं होतं. स्टुडिओचे प्रमुख रविराज सर पुण्याच्या पेठेत वाढलेले. रागावत नसत, एकच वाक्य बोलत. उठणारी बाई पडद्यावर आली. वाकली आणि थांबली. सर म्हणाले, “भाग्यश्री, ही बाई उठतेय की डाउनलोड होतेय?”

सगळी खोली हसली. भाग्यश्रीही हसली, थोडं जास्तच मोठ्याने. कान मात्र गरम झाले होते. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, एवढं एक वाक्य बोलली असती तर विषय मिटला असता. पण ते बोलणं म्हणजे सबब सांगितल्यासारखं वाटलं. तिच्या कामाला याआधी कुणी हसलं नव्हतं.

“बघ जरा काय करता येतं,” सर म्हणाले आणि पुढच्या फाइलकडे वळले.

दुपारी तिने दोन्ही थांबे काढले. सहा सेकंदांची हालचाल पावणेदोन सेकंदांवर आणली. रेघ अशी वाकवली की बाई वाकता वाकता उचलली जायची आणि त्याच ओघात पहिलं पाऊल पडायचं. बघताना कुणीतरी हलकेच हात दिल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी शेजारच्या टेबलांवरचे लोक आले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

फाइल दुसऱ्या दिवशी द्यायची होती. हॉस्पिटलकडे जाणाऱ्या प्रत्येक फाइलसोबत प्रियदर्शनीचा ओके जोडायचा नियम होता. ही नवी फाइल पाठवली तर ती थांबे परत मागणार, हे भाग्यश्रीला माहीत होतं. तिने नव्या फाइलला जुन्या ओकेचा मेल जोडला आणि पाठवून दिलं. जोडताना तिचा हात क्षणभर अडखळला. मग तिने बारावा व्यायाम उघडला.

तयार झालेल्या व्यायामांसह ॲप आधी वीसेक पेशंटना देऊन बघायचं ठरलं होतं. दिलं. दहाव्या दिवशी हॉस्पिटलमधून बोलावणं आलं.

खोलीत चौघंच होते. विभागप्रमुख डॉ. अभय लिमये, प्रियदर्शनी, रविराज सर आणि भाग्यश्री. लिमयांनी सरळ विषयाला हात घातला. वारज्याच्या तुळजाबाई पायगुडे, वय अडुसष्ट, ॲप बघून खुर्चीतून उठत होत्या. एकदम उठल्या, लगेच पाऊल टाकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं होतं.

“मी ती फाइल बघितली,” लिमये म्हणाले. “पावणेदोन सेकंद. माझा नातू या वेगाने उठतो. हा वेग कोणी ठरवला?”

“सर, आमच्याकडून प्रत्येक फाइल तुमच्या फिजिओंच्या ओकेनेच जाते,” रविराज सरांनी कागद पुढे केला. सोमवारनंतर फाइल पुन्हा प्रियदर्शनीकडे गेली असणार असंच ते धरून चालले होते. “हा त्यांचा मेल. भाग्यश्री, बरोबर ना?”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. प्रियदर्शनीनेही पाहिलं, आणि तिच्या नजरेत संशय नव्हता. ही सांगेल काय झालं ते, एवढंच होतं.

“हो सर,” भाग्यश्री म्हणाली.

प्रियदर्शनीने कागद हातात घेतला. दोनदा वाचला. “मेल माझाच आहे,” ती म्हणाली. “मी मोबाइलवर बघितलं असेल. नीट मोजलं नसेल. सर, चूक माझीच आहे.”

“मोजण्यासाठीच तुम्हाला नेमलं होतं ना?” लिमये म्हणाले. “उरलेले व्यायाम मी दुसऱ्या कुणाला तरी देतो.”

परतताना गाडीत रविराज सरांनी सुस्कारा सोडला. “मेल जपून ठेवला होतास, बरं झालं.” भाग्यश्रीने काच खाली केली. बाहेर सिग्नलला भांडण चाललं होतं, ते बघत राहिली. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या आला, त्याचा परवा झाला. सांगायचं वाक्य मनात तयार असायचं, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य पोहोचतानाचा क्षण डोळ्यांपुढे आला की तिचं तोंड बंद व्हायचं.

शुक्रवारी प्रियदर्शनीचाच फोन आला.

“रविवारी सकाळी तुळजाबाईंकडे जातेय. माफी मागायला. तू येशील का गं बरोबर? मला एकटीला धीर होत नाहीये.”

नाही म्हणायला भाग्यश्रीला कारण सुचलं नाही.

वारज्याच्या पुलाखाली प्रियदर्शनी स्कूटर घेऊन थांबली होती. हँडलला पपईची पिशवी. डोळ्यांखाली काळं आलं होतं. गाडी चालवता चालवता ती मागे मान न वळवता बोलत होती.

“खरं सांगू, मला तो थांबा बघितल्याचं स्पष्ट आठवतंय. बाई वाकते, थांबते. मग वाटतं, आपल्याला तो हवा होता म्हणून आपण तो मनानेच बघितला. आता पेशंटला सेट मोजून देताना दोन-दोनदा मोजते. आपल्याला कळतंय ते खरंच तसं आहे का, असंच वाटत राहतं.”

आत्ता बोलावं, गाडी थांबवायला लावावं, असं मागच्या सीटवरच्या भाग्यश्रीला वाटलं. तेवढ्यात गल्ली आली.

तुळजाबाई मूळच्या खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातल्या. मुलाने वारज्यात फ्लॅट घेतला तेव्हा आल्या. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. हात गळ्यात अडकवून त्या पलंगावर बसल्या होत्या. सुनेने दार उघडलं, डॉक्टरीणबाई म्हटल्यावर लगबगीने खुर्च्या पुसल्या.

प्रियदर्शनी खुर्चीवर बसलीच नाही. ती पलंगाशी खाली बसली आणि तुळजाबाईंचा डावा हात हातात घेऊन म्हणाली, “आजी, माझी चूक झाली. व्यायामात घाई होती ती मला दिसली नाही. माझ्यामुळे तुम्हाला लागलं.”

“तुझ्यामुळं कसं?” तुळजाबाई चक्रावल्या. “मीच येडी. ती मोबाइलातली बाई कशी झोकात उठती. मी आपली कण्हतकुंथत. मला वाटलं, माझंच आंग आळशी झालंय, मी नाटकं करतीय. त्यात ही सून बघत हुती. म्हणलं, हिच्यापुढं तरी एकदा तिच्यासारखं उठून दाखवावं. आन् आपटले.” त्या ओशाळून हसल्या. “या वयात हौस.”

“हौस कसली आजी,” प्रियदर्शनीचा आवाज फुटला.

“रडू नगंस बाई. माझाच दोष हाय.”

दोघी एकमेकींच्या हातात हात घालून तो दोष आपापल्याकडे ओढत होत्या. ज्याचा होता ती प्लास्टिकच्या खुर्चीवर पपईची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सुनेने चहा आणला. भाग्यश्रीने कप घेतला. चहात साखर जास्त होती, तरी तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, कारण कप तोंडाशी असला की बोलावं लागत नव्हतं.

मग तुळजाबाईंना आत जायचं होतं. सून पुढे झाली, पण त्यांनी तिला हाताने थांबवलं. त्या पलंगाच्या कडेला सरकल्या. चांगला हात गुडघ्यावर दाबला. पुढे वाकल्या. तिथे त्यांची हनुवटी थरथरत राहिली. मग कंबर उचलली गेली, पाठ मागाहून सरळ झाली, मान सगळ्यात शेवटी. उभ्या राहिल्या आणि भिंतीला हात टेकून डोळे मिटले. भाग्यश्री न ठरवताच मोजत होती. नऊ सेकंद झाले होते, आणि त्यांनी अजून पाऊल टाकलं नव्हतं. या कामात तिने दोन महिने घातले होते. तेवढ्या काळात एकदाही एखादी म्हातारी उठताना बघायला ती कुठे गेली नव्हती. व्हिडिओ होता, तोही तिने मागेपुढे ओढून तुकड्यातुकड्यांत पाहिला होता.

खाली स्कूटरपाशी आल्यावर प्रियदर्शनी हेल्मेट घालत होती, तेव्हा भाग्यश्रीच्या तोंडून ते बाहेर पडलं. तयार केलेलं वाक्य नव्हतंच ते.

“तू थांबा बघितला होतास. तुझ्या फाइलमध्ये तो होता. मी नंतर काढला. तुला दाखवलं नाही. जुना मेल नव्या फाइलला मी जोडला.”

प्रियदर्शनीने हेल्मेट पुन्हा काढलं. काही क्षण ती बघत राहिली, समोरचं माणूस ओळखीचं आहे का ते आठवत असल्यासारखी.

“कधी काढलास?”

“तुझा ओके आला त्यानंतरच्या सोमवारी. ऑफिसमध्ये सगळे हसले म्हणून.”

“आणि लिमये सरांसमोर?”

“तिथे खोटं बोलले.”

“मी आईला घरी सांगितलंय की माझ्यामुळे एक बाई पडली,” प्रियदर्शनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ती चार दिवस मला समजावतेय. आणि तू आत्ता वर बसून चहा प्यायलीस.”

“मी लिमये सरांना—”

“मला नको सांगूस काय करणार ते. ज्यांच्यासमोर ‘हो’ म्हणालीस त्यांना सांग.” तिने गाडी सुरू केली. मग काहीतरी आठवून म्हणाली, “इथून पुलापर्यंत रिक्षा मिळते.” आणि गेली.

भाग्यश्री तिथेच उभी राहिली. एक आजोबा पिशवी घेऊन जिना चढत होते, त्यांना वाट द्यायला ती बाजूला झाली. मग त्यांच्या मागोमाग, त्यांच्याच चालीने, पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली. दार सुनेनेच उघडलं. “काही राहिलं का?”

“आजींशी बोलायचं होतं.”

तुळजाबाई आडव्या व्हायच्या बेतात होत्या. भाग्यश्रीने उभ्यानेच सांगितलं. त्या डॉक्टरांची चूक नाही, त्यांनी सावकाशच सांगितलं होतं, मोबाइलमधल्या बाईला घाई मी लावली.

तुळजाबाईंना आधी नीट उमगलं नाही. “म्हंजे ती बाई खरी न्हाई?”

“नाही आजी. कॉम्प्युटरवर केलेली आहे. मी केलेली.”

“आन् तू तिला पळवलीस.”

“हो.”

“का गं?”

या ‘का’ला उत्तर द्यायला भाग्यश्रीने तोंड उघडलं आणि तिला कळलं, त्या खोलीत सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच नाही. चांगलं दिसत होतं म्हणून? लोक हसले म्हणून? टाळ्या वाजल्या म्हणून? “माझं चुकलं,” ती म्हणाली.

थोड्या वेळापूर्वीचं ओशाळं हसू आता तुळजाबाईंच्या चेहऱ्यावर नव्हतं. “मला वाटलं, माझ्यातच खोट हाय,” त्या म्हणाल्या. “आठ दिस तेच वाटत हुतं.” मग सुनेकडे वळल्या. “दार लाव गं. मला पडायचंय.”

पुलापर्यंत ती चालतच गेली. खराडीची बस मिळाली. बसमध्येच मोबाइलवर तिने मेल लिहिला. डॉ. लिमये, रविराज सर आणि प्रियदर्शनी, तिघांना. आधी तो लांबलचक झाला होता, त्यात कामाचा ताण आणि तारीख आणि गैरसमज असे शब्द आले होते. ते एकेक करून तिने काढले. शेवटी सहा ओळी उरल्या. काय केलं, कोणत्या दिवशी केलं, खोटं काय बोलले. पाठवताना हात अडखळला तसा तिने तो अडखळू दिला आणि मग बटण दाबलं.

सोमवारी रविराज सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच त्यांचं एकच वाक्य नव्हतं. ते बरंच बोलले. स्टुडिओचं नाव गेलं, हॉस्पिटलशी आता कुठल्या तोंडाने बोलायचं, त्या दिवशी मला त्या खोलीत खोटं पाडलंस. सगळं खरं होतं. शेवटी पाणी पिऊन म्हणाले, “आणि त्या बाईवर मी सगळ्यांसमोर विनोद केला होता, हे त्या मेलमध्ये का नाही लिहिलंस?”

“फाइल मी बदलली सर.”

“हं,” ते म्हणाले. “मी लिहिलंय त्यांना ते.”

नोकरी राहिली. ॲप मागे घेतलं गेलं. बावीसच्या बावीस व्यायामांची वेळ नव्याने ठरवायची असं ठरलं, आणि त्या कामाची जबाबदारी लिमयांनी प्रियदर्शनीकडे दिली. तिची लेखी माफी त्यांनी मागितली असं भाग्यश्रीला कळलं, प्रियदर्शनीकडून नव्हे. प्रियदर्शनीचे मेल स्टुडिओच्या नावाने येऊ लागले. ‘आपण पाठवलेली सातवी फाइल पाहिली. हात वर नेताना आठ फ्रेम वाढवाव्यात. अपलोड करण्याआधी अंतिम फाइल पुन्हा दाखवावी.’ भाग्यश्रीने आठ फ्रेम वाढवायच्या, दाखवायच्या. एकदा तिने मेलच्या शेवटी ‘कशी आहेस?’ असं लिहून पाहिलं. उत्तरात नवव्या फाइलच्या दुरुस्त्या आल्या.

दर गुरुवारी ती लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत कोपऱ्यात बसू लागली. असं बसावं, हे तिनेच विचारून घेतलं होतं. माणसं उठायची, बसायची, कठडा धरून चालायची. कुणी मध्येच थांबून सुनेच्या तक्रारी सांगायचं. ती बघायची. थांबायला लागतं ते सगळ्यांना सारखं लागत नाही, हेही तिथेच कळलं, आणि मग एकाऐवजी तीन वेगांत व्यायाम करावेत असं तिने सुचवलं. प्रियदर्शनीने लिहिलं, ‘सूचना योग्य आहे.’

तुळजाबाई त्या खोलीत एकदाच आल्या, प्लास्टर काढल्यानंतर. भाग्यश्री उभी राहिली. त्यांनी ओळखलं, मान हलवली आणि प्रियदर्शनीचा हात धरून पलीकडच्या कठड्याकडे गेल्या. मोबाइल बघून त्यांनी पुन्हा व्यायाम केला नाही, आता मोबाइलशिवाय, सून हात धरायला असेल तेव्हाच करायच्या. भाकरी थापताना मनगट अजून दुखतं, असं त्या सांगत होत्या. आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

पुढे जुलैत हैदराबादच्या एका मोठ्या स्टुडिओतून भाग्यश्रीला फोन आला. तिच्या कामाचे नमुने त्यांनी कुठेतरी बघितले होते. फेब्रुवारीत, टाळ्यांच्या दुसऱ्याच दिवशी, तिने स्वतःच ते इंटरनेटवर टाकले होते आणि मग पार विसरली होती. पलीकडचा माणूस हिंदीत भरभरून बोलत होता. खुर्चीतून उठणारी ती बाई, काय टायमिंग आहे मॅडम, अगदी पाण्यासारखं. आमच्या टीमने दहा वेळा बघितलं.

भाग्यश्रीचा चेहरा तापला. ऑफिसात कुणी ऐकत नव्हतं, तरी तिने आवाज लहान केला.

“तो शॉट आपलाच आहे ना?” त्याने विचारलं.

“हो, माझाच,” ती म्हणाली. “पण तो चुकलेला आहे. आज काढून टाकते मी.”

तो हसला, त्याला तो विनयच वाटला असावा, आणि पुण्यातून यायला किती दिवस लागतील असं विचारू लागला.